मागच्या चाकांची बाजू

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडतो, इंजिनाच्या आवाजाला कान लावतो, दारं आपटून बघतो आणि किलोमीटरच्या आकड्याकडे संशयाने पाहतो. मागच्या चाकापाशी उकिडवं बसून आत डोकावणारा लाखात एखादा. पुढच्या चाकांचे लाड होतात ते साहजिकच आहे. ती वळतात, गाडी ओढतात, ब्रेकचा बहुतेक भार अंगावर घेतात आणि जरा काही दुखलंखुपलं की स्टिअरिंगमधून थेट आपल्या हातात तक्रार पोचवतात. मागच्यांची तक्रार पोचते ती मागच्या सीटवर बसलेल्यांच्या कमरेत. आणि आपल्या घरांत मागच्या सीटवर बसतात ती एकतर पोरं, नाहीतर म्हातारी माणसं. त्यांचं गाऱ्हाणं आपण गाडीपर्यंत पोचूच देत नाही. ‘रस्ताच तसला आहे’ म्हणून मोकळे होतो.

आमची स्विफ्ट २००७ सालची. मे २००५ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा ८०० आणि झेन चालवून हात बसलेल्यांना तिचं वळणातलं चापल्य नवलाचं वाटलं होतं. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, ८७ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आसपास. मागे बसणाऱ्यांची ‘गाडी कडक आहे’ ही तक्रार तेव्हाही होतीच. २०२२ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली. पासिंग करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. घरात सगळे म्हणतात, विकून टाक आता. इंजिन तेल खात नाही, पत्रा गंजलेला नाही, मग विकायची कशासाठी, असं माझं म्हणणं. पण एका मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालं आणि कळे ओलांडलं की रस्ता वळणं घ्यायला लागतो. सरळ रस्त्यावर गाडी अगदी शहाण्यासारखी. पण वळणाच्या ऐन मध्यात खड्डा किंवा डांबराचं ठिगळ आलं की मागचा भाग अर्धं पाऊल बाजूला सरकायचा. घसरायचा नाही, फक्त सरकायचा आणि मग परत जागेवर यायचा. स्टिअरिंग धरलेल्या मला ते अर्ध्या सेकंदाचं बिचकणं वाटायचं. मागे बसलेली आई मात्र दाराच्या वरचं हँडल घट्ट धरायची आणि असळज येईपर्यंत बोलायची नाही.

शॉकअप तपासायची सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती म्हणजे गाडीचा कोपरा दाबून सोडायचा. दोनतीनदा झुलला तर शॉकअप गेला. युक्ती खोटी नाही, पण तिच्यात सापडतो तो पार मेलेलाच शॉकअप. अर्धमेला त्यातून बिनबोभाट पास होतो. माझा भरवसा टायरवर. मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की खाचा लागत होत्या. थोडा उंचवटा, मग खळगा, पुन्हा उंचवटा. टायर रस्त्याला चिकटून न राहता बारीक उड्या मारत चालला की रबर असं लाटालाटांनी झिजतं. यासाठी ना जॅक लागतो ना मिस्त्री. फक्त हात काळे होतात.

मिस्त्री आमचे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले, सगळे त्यांना मामा म्हणतात. ज्या भागात एके काळी ऑइल इंजिनं बनायची तिथे आज कुठलाही बोल्ट, कुठलीही पिन, कुठलाही दात तुटलेला गिअर घेऊन जा, कुणीतरी लेथवर नवा करून देतो. मामांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीवर पान्यांचे ठसे रंगवलेले आणि कोपऱ्यात हायड्रॉलिक प्रेस. त्यांनी मागचे दोन्ही शॉकअप काढून माझ्या हातात दिले. एकाच्या अंगावर तेल पाझरून त्यावर धूळ बसली होती, काळ्या मलमासारखा थर झाला होता. ‘दाबा की ओ ताई,’ म्हणाले. मी दांडा दाबला. काहीच अडथळा न येता तो आत गेला आणि तिथेच राहिला. ‘नुसती नळी हाय ती. शॉकअप कवाच मेलाय.’ मग नवा दिला. त्याचा दांडा आत ढकलायला मला तो जमिनीवर टेकवून अंगाचा भार टाकावा लागला, आणि हात काढल्यावर तो आपला आपण, अगदी निवांत, वर आला.

तो आपोआप वर येतो तो आतल्या वायूच्या दाबामुळे. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगला आवरण्याचं. आत तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्यात बारीक झडपा. चाक वरखाली झालं की तेल त्या झडपांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावर हे सतत चाललं की तेलाला फेस येतो आणि फेसातून दट्ट्या सुरीसारखा जातो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी शॉकअप ढिला पडतो. यावरचा उपाय फ्रान्समध्ये द कार्बोन नावाच्या इंजिनिअरने काढला. तेलावर नायट्रोजनचा दाब ठेवायचा म्हणजे फेसच होत नाही. त्यांचा एका नळीचा वायूभरला शॉकअप १९५३ मधला. त्यात साधारण २० ते ३० बार इतका दाब असतो, टायरमध्ये आपण भरतो त्या ३० पीएसआयच्या दहापट आणि वर. आपल्या साध्या गाड्यांना दोन नळ्यांचा, कमी दाबाचा प्रकार येतो आणि तो पुरतोही. शॉकअप बनवण्याची आपल्याकडची परंपराही तशी जवळचीच, मुलुंडच्या गॅब्रियलपासूनची, १९६१ ची. मी मूळ कंपनीच्या प्रतीचेच घेतले. ‘स्पोर्ट’ लिहिलेले लाल रंगाचे मिळत होते. लाल रंगाचे पैसे वेगळे.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. बहुतेक लोक थांबतात. पण ते बाजूला सरकणं शॉकअपचं नव्हतं, निदान सगळं नव्हतं.

स्विफ्टसारख्या गाडीच्या मागे दोन हात असतात. प्रत्येकाचं पुढचं टोक रबरी बुशमधून, म्हणजे लोखंडी नळीभोवती बसवलेल्या रबराच्या कड्यातून, बॉडीला जोडलेलं, मागच्या टोकाला चाक, आणि दोन्ही हातांना जोडणारा एक आडवा पोकळ बीम. हा बीम एका बाजूने उघडा असतो, पन्हळीसारखा. त्यामुळे तो वाकत नाही पण पिळला जातो. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे सरळ गतिरोधक आला, की बीम गप्प बसतो. वळणात गाडी कलली, एक चाक वर आणि एक खाली झालं की बीम पिळला जातो आणि त्या पिळण्याला विरोध करत गाडीला सरळ ठेवतो. एकाच तुकड्यात धुरा आणि कल आवरणारा बार. फोक्सवॅगनने १९७४ मध्ये गोल्फ आणि सिरोकोला ही रचना दिली आणि छोट्या हॅचबॅकचा मागचा भाग जवळपास कायमचाच ठरून गेला, कारण ती स्वस्त आहे, हलकी आहे आणि डिकीची जागा खात नाही. आपल्याकडे तेव्हा पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर मागे पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, चालत होत्या. पाट्यांचं एक बरं होतं, कुरकुर केली की ग्रीस मारायचं आणि पुढे जायचं.

बीमचा कच्चा दुवा म्हणजे ते दोन बुश. वळणात सगळा आडवा जोर त्यांच्यावरच येतो. रबर ताजं असेल तोवर ठीक. ते मऊ पडलं की अख्खा बीम काटकोन सोडून किंचित तिरका होतो, म्हणजे दोन्ही मागची चाकं मिळून गाडीला नको तिकडे वळवू लागतात. पुढच्या स्टिअरिंगला न विचारता. मामांनी टॉर्च मारून दाखवलं. बाहेरून बुश धडधाकट, पण पान्याने बीमचा हात जरा उचकटला की आतल्या लोखंडी नळीभोवती रबर अर्ध्या वर्तुळात फाटलेलं दिसत होतं. माझं अर्धं पाऊल तिथे होतं.

बुश बदलणं हे दिवसभराचं काम झालं, आणि मला त्यातली दोन कामं बघायची होती म्हणून मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. पहिलं म्हणजे बुश बसवायची दिशा. रबरात मुद्दाम ठेवलेल्या फटी असतात, एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने ताठ राहावं म्हणून. जुना काढण्याआधी मामांनी पंचने बीमच्या हातावर खूण मारली, नव्यावर खडूने रेघ ओढली आणि मगच प्रेस चालवला. दुसरं जास्त महत्त्वाचं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळायचे नसतात. तसे आवळले तर गाडी खाली घेतल्यावर बीमचा हात वर जातो आणि रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. ते वर्षभरात पुन्हा फाटतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल डुप्लिकेट होता. मामांनी बोल्ट नुसते हाताने लावले, गाडी खड्ड्यावर चाकांवर उभी केली, पोराला डिकीच्या कडेवर बसवून दोन हिसके देववले आणि मग खाली उतरून पान्याने आवळले. कुठे शिकलात, विचारलं तर म्हणाले, ‘फाटल्यालं बघून.’

पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे, बुश घालायचा सल्ला मला माझ्या मावसभावाने दिला होता. ते रबरापेक्षा ताठ असतात आणि टिकतातही. पण या बीममधला बुश नुसता फिरत नाही, तो थोडा सगळ्याच दिशांना मुरडतो. तिथे फार ताठ काही घातलं की रस्त्याचा प्रत्येक खडा डिकीत वाजतो. मी रबरच घेतलं.

हा मावसभाऊ म्हणजे एक प्रकरण आहे. गो-कार्टिंगपासून रॅलीपर्यंत सगळ्याचं वेड. स्प्रिंगांवरून आमचं चांगलंच वाजलं. चाकाच्या कमानीपर्यंत टेप लावला तर माझी गाडी मागे उजवीकडे बोटभर खाली बसली होती, तेव्हा स्प्रिंगा बदलायच्या होत्याच. त्याचं म्हणणं, बदलतेस तर आखूड आणि कडक घे, गाडी खाली येईल, गुरुत्वमध्य खाली येईल. कागदावर बरोबर. पण इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ हे मानक म्हणतं की गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने सुखाने ओलांडता येतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे तो गणपती मंडळाने एका रात्रीत घातलेला, वीतभर रुंद आणि उंचीला कुणाचा धरबंध नाही. खाली आलेली गाडी तिथे पोट घासणार.

दुसरं कारण मागे बसणाऱ्यांचं. हॅचबॅकचं मागचं टोक हे बिचाऱ्या इंजिनिअरचं खरं दुखणं असतं. रिकाम्या स्विफ्टचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढे, मागे जेमतेम चारशे किलो. मागे तिघं बसली आणि डिकीत बॅगा टाकल्या की तेच ओझं दीडपट होतं. पुढच्या स्प्रिंगेला असा फरक कधी सोसावा लागत नाही. शिवाय मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये, गाडीवर पुढेमागे वजनं सरकवून, एक गोष्ट दाखवून दिली होती. पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, म्हणून पुढचा भाग आधी डोलायला लागतो. मागचा भाग त्याच्यापेक्षा किंचित जलद डोलणारा असेल तर तो मागून येऊन पुढच्याला गाठतो आणि गाडी झुलाघोडा न होता सपाट वरखाली होऊन शांत होते. म्हणून मागची स्प्रिंग आपल्या वजनाच्या मानाने जरा कडकच ठेवतात. ती थकली आणि वर माणसं बसली की हा हिशोब उलटा होतो, आणि आईला लागते ती गाडी याच झुलण्याने. तेव्हा मूळच्याच ताकदीच्या नव्या स्प्रिंगा घातल्या. भाऊ म्हणाला, ‘ताई, एवढा खर्च करून गाडी होती तशीच केलीस.’ मला तेच हवं होतं.

तरी त्याची एक गोष्ट मी ऐकली. त्याच्याकडे मागच्या बीमच्या दोन हातांना जोडायचा एक लोखंडी बार पडला होता. बोल्टने लागतो, बोल्टने निघतो. तो लावून बघूया, हिवाळा आहे, रस्ते कोरडे आहेत.

पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वळणात वेग जास्त झाला की नाक बाहेर टाकते. स्टिअरिंग कितीही फिरवा, ती सरळच जाऊ पाहते. मागे बार लावला की हे कमी होतं, हे सगळे सांगतात. का होतं ते फारसं कुणी सांगत नाही. वळणात एकूण किती भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणार हे बारने बदलत नाही. ते वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतं. बार बदलतो ती पुढच्या आणि मागच्या जोडीमधली वाटणी. मागचा भाग ताठ केला की या ओझ्याचा जास्त वाटा मागची जोडी उचलते, पुढच्या जोडीचा कमी होतो. आणि टायरचा स्वभाव असा की त्याच्यावर दुप्पट भार टाकला तर पकड दुप्पट होत नाही, कमीच भरते. बाहेरच्या टायरने कमावलं त्यापेक्षा आतल्याने गमावलं जास्त. थोडक्यात, मागे बार लावून मागची पकड वाढत नाही. ती मुद्दाम घटवायची, म्हणजे पुढची उजवी ठरते. जुन्या गोल्फ जीटीआयचे वळणात आतलं मागचं चाक हवेत उचललेले फोटो पाहिले असतील. तो बिघाड नव्हे, हीच वाटणी टोकाला नेलेली.

गगनबावड्याच्या रस्त्यावर तो बार लावून गाडी चालवणं, खोटं कशाला बोलू, मला बेहद्द आवडलं. वळणाला स्टिअरिंग देताच नाक आत यायचं. कलणं निम्म्यावर आल्यासारखं वाटायचं. अठरा वर्षांची होत आलेली गाडी पोरीसारखी वागायला लागली. करूळ घाटाच्या वळणांवर तर मी भावाला फोन करून शाबासकीही दिली, अर्थात गाडी कडेला थांबवून.

पण बार दोन चाकांना एकमेकांशी बांधतो. पूर्ण रुंदीचा गतिरोधक आला तर त्याला काही घेणंदेणं नाही. आपल्याकडचे खड्डे मात्र पूर्ण रुंदीचे नसतात, ते एका चाकाचे असतात. डावं चाक खड्ड्यात गेलं की बार उजव्यालाही ओढतो आणि मागची माणसं डावीउजवीकडे डोकी हलवत राहतात. पुढच्या सीटवर हे निम्मंही कळत नाही. आईने मानेला पट्टा लावला आहे हे मला आरशात दिसलं. तिने स्वतः काही म्हटलं नव्हतं. विचारलं तर, ‘अगं, तुला बरं वाटतंय ना चालवायला?’

शिवाय पाऊस. गगनबावड्याला जूनपासून जे कोसळतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. धुक्यात उतरणीच्या वळणावर समोर अचानक एसटी दिसली की कुणीही आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. तो सोडताच भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि त्यांची पकड आपण आधीच कमी करून ठेवलेली असते. नाक बाहेर गेलं तर वेग कमी करून सावरता येतं. शेपूट बाहेर गेली तर उलटं स्टिअरिंग द्यावं लागतं, आणि ते करायला हात तयार असावे लागतात. कारखाने सगळ्या साध्या गाड्या नाक बाहेर टाकणाऱ्या का ठेवतात याचं उत्तर यातच आहे. मे महिन्यात बार काढला. भावाकडे परत दिला. त्याने तो दुसऱ्या कुणाच्या तरी स्विफ्टला लावलाय आणि ती गाडी म्हणे एकटाच माणूस चालवतो. छान. त्याच्यासाठीच आहे तो.

गाडी खाली घेणं, मोठ्या रिंगा घालणं वगैरेचा विचार असणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा नजरेखालून घालावं. नोंदणीतल्या तपशिलांत कारखान्याने दिलं त्याहून फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच अर्थ लावला. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पासिंगला उभं राहायचंच असतं. तिथे साहेबांशी गुरुत्वमध्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

आणि हे सगळं करण्याआधीची फुकटातली गोष्ट म्हणजे हवा. मागे माणसं आणि सामान असेल तर मागच्या टायरमध्ये किती हवा हवी हे दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही टायरांत एकच आकडा भरतो. त्याला आपण सांगायचं असतं, आणि आपण तेव्हा मोबाइल बघत असतो.

आता मागचा भाग गप्प झालाय. वळणात ठिगळ आलं तर ‘धप्’ आवाज होतो आणि विषय संपतो. आई असळजच्या आधीच बोलायला लागते, बहुतेक वेळा माझ्या वेगाबद्दल. फक्त एक झालं. मागचं शांत झाल्यावर पुढून, डाव्या बाजूने, ब्रेक मारताना एक बारीक ‘टक्’ ऐकू यायला लागलं. ते आधीही असणारच, गोंगाटात दबलेलं. मामांनी गाडीखाली न जाताच निदान केलं, ‘लोअर आर्मचं बुश. आता पुढचं बोलाय लागलंय.’ सामान मागवलंय. सोमवारी त्यांची सुट्टी, म्हणून मंगळवारी सकाळी गाडी सोडायची आहे. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.